चांदीचे डोळे

माता अंगावर आलेल्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. हे मला त्या चैत्रात कळलं, जेव्हा मम्मी दारात उभी राहून म्हणाली, "माताराणी, पाणी देऊ का?" मला ताप होता, अंग ठणकत होतं. खोलीत माझ्याशिवाय आणखी कोणी आलंय की काय, म्हणून मी मान वळवून पाहिलं.

बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीत अजूनही असंच म्हणतात. कांजिण्या हा शब्द शाळेच्या पुस्तकातला. घरात 'माता आली' म्हणायचं. मग दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद होते, कढईत तेल पडत नाही, घरचा पुरुष दाढी करत नाही आणि औषधाचं नाव कोणी काढत नाही. पाहुणीला औषध देऊन हाकलायचं नसतं. ती सात दिवस राहते आणि आपली जाते.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. नंतर इंदूरला राहून मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं, आणि आता इथल्याच एका शाळेत नववी-दहावीला सायन्स शिकवते. हे सांगायचं कारण एवढंच, की मला काहीच माहीत नव्हतं असं नाही.

माझ्या अंगावर एक्झिमा आहे. मला आठवतं तेव्हापासून आहे. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मानेला, आणि थंडी वाढली की पापण्यांवर. कातडी लाल होते, ओलसर होते, मग जाड आणि काळपट पडते. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात. तिथल्या सुताची बारीक फसकी उडत येऊन खिडकीच्या जाळीवर बसते, आणि ज्या दिवशी ती जास्त असते त्या दिवशी मी रात्रभर खाजवते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच असला की माझी जोडीदारीण माझा हात धरायची नाही, बाही धरायची. बाईंनी एकदा तिला रागावून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅम, इट्स द सेम थिंग." पुढे मी नाचातच नाव दिलं नाही. हळदीकुंकवाला बायका मला कुंकू लावायच्या ते करंगळीच्या टोकाने, आणि मग करंगळी पदराला पुसायच्या. "लागतं का गं हे?" असं विचारणाऱ्या त्यातल्या बऱ्या.

एम.एस्सी.ला एक तास फक्त शरीराला आवरणाऱ्या पेशींवर होता. रक्तात काही पेशी अशा असतात की त्या कोणाशी लढत नाहीत. लढणाऱ्यांना पुरे म्हणून सांगणं हेच त्यांचं काम. धूळ आली, फसकी आली, गव्हाचं पीठ उडालं, तर हे शत्रू नाहीत, सोडून द्या, असं त्या सांगत राहतात. ज्यांचं हे आवरणं कमी पडतं त्यांची कातडी साध्या धुळीवरही पेटते. सरांनी पडद्यावर एका उंदराचा फोटो दाखवला. त्या जातीच्या उंदरांत या पेशी जन्मतःच नीट तयार होत नाहीत. त्याचे कान, शेपटी, पाठ, सगळं खपल्यांनी भरलेलं होतं. "हे फार दिवस जगत नाहीत," सर म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

त्या चैत्रात एका सकाळी ताप चढला आणि मानेवर दाणे उठले. पाण्याने भरलेले, मधोमध खळगा असलेले, सगळे एका मापाचे. संध्याकाळपर्यंत ते दोन्ही कोपरांत आणि गालावर होते. मम्मीने फोपनारला फोन केला. तिथे माझी मोठी मावशी राहते, मम्मीची थोरली बहीण. मातेचं सगळं तिलाच ठाऊक. ती मिळेल त्या बसने त्याच रात्री आली, चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि थोडा वेळ नुसतं पाहत राहिली.

"अवं माय," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही हात जोडले.

"मावशी, मला लहानपणी येऊन गेल्यात ना कांजिण्या? मग परत कशा येतील?"

"ती धाकटी होती. ही मोठी."

"पण बघ ना, जिथे आधी खाज होती तिथेच उठल्यात. पोटावर एकही नाही."

"जिथं जागा झालेली होती तिथंच बसेल ना ती. आता बोलू नको. तुझ्या तोंडून बोललेलं तिला लागतं."

जागा झालेली होती, हे तिचं शब्दशः बरोबर होतं. ते पुढे कळलं.

मी मम्मीला म्हटलं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवू. मम्मीने मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, दवाईने माता आत जाते, आणि आत गेली की माणूस घेऊन जाते. मम्मीने रोजचं मलमही कपाटात ठेवून दिलं. मला मात्र आठवत होतं की जे दोनदा व्हायला नको ते होतंय, आणि जिथे नको तिथे होतंय. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. ताप इतका होता की एक विचार धरला की दुसरा सुटायचा.

मग बायका यायला लागल्या.

गल्लीतल्या, पप्पांच्या ऑफिसातल्या लोकांच्या घरच्या, काही तर मी कधी न पाहिलेल्या. उंबऱ्याबाहेर पाय धुवायच्या आणि आत येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवायच्या. करंगळीने कुंकू लावणाऱ्यांतली गल्लीतली एक काकूसुद्धा आली. तिने माझी दोन्ही पावलं तळहातात धरली, कपाळ टेकवलं, आणि माझ्या अंगावरून हात फिरवून तोच हात आपल्या लेकीच्या डोक्यावर ठेवला. माझ्या मानेतून पाणी येत होतं. तिने ते बोटाने टिपलं. पदराला पुसलं नाही.

"बाई, पोरीचं कुठे जमत नाही, लक्ष असू दे," ती म्हणाली.

मी नुसती मान हलवली. ती रडत उठली आणि बाहेर जाऊन म्हणाली, "हो म्हणाली. माता हो म्हणाली."

इतक्या हातांनी मला आधी कधी शिवलेलं नव्हतं. ते बरं वाटत होतं, तापातही. मी ते कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी डावा डोळा उघडेना. पापणी सुजून गालाला टेकली होती आणि तिच्या कडेला दाणे होते. बोटांनी उघडून पाहिलं तर खिडकीतला उजेड सुईसारखा आत गेला. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि दाराशी उभी असलेली मम्मी दिसत होती ती दुधात बुडाल्यासारखी. उजव्या डोळ्याने बघितलं तर तिच्या साडीवरची नक्षी दिसत होती. डाव्याने नुसता रंग.

"मम्मी, मला दिसत नाहीये."

हे ऐकून मावशी आतून धावत आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती घाबरली होती. फोपनारमध्ये तिच्या सासरी एक आजेसासू होती, जिचा एक डोळा मातेत गेलेला, पांढरा, उकडलेल्या अंड्यासारखा. डोळ्यात उतरलेली माता काय करते हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. उपाय तेवढा तिचा वेगळा होता.

"भाऊजी," ती पप्पांना म्हणाली, "सराफ्यात जा. चांदीचे डोळे आणा. डोळे वाहीन म्हणून नवस बोलते मी तिला."

पप्पा सरकारी ऑफिसात आहेत. ते बी.एस्सी. आहेत आणि घरात कोणी नजर काढायला लागलं तर पेपर वर धरून हसतात. मी त्यांना म्हटलं, "पप्पा, प्लीज, दवाखान्यात चला. आय कान्ट सी." ते माझ्याजवळ आले. चार दिवसांची दाढी पांढरी उगवली होती. त्यांनी मम्मीकडे पाहिलं, मम्मीने जमिनीकडे.

"तीनच दिवस राहिलेत बेटा," ते म्हणाले. "उगाच काही उलटं झालं तर आयुष्यभर तुझी मम्मी..."

वाक्य पूर्ण न करता त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली.

ते तासाभरात परत आले. गुलाबी कागदाच्या पुडीत दोन डोळे होते, बोटाच्या पेराएवढे, पातळ पत्र्याचे, मधे काळ्या मिन्याची बाहुली. सराफाला सांगावं लागलं नाही म्हणे, कसले हवेत ते. चैत्रात ते तयारच ठेवतात. पप्पांनी ते मला दाखवायला माझ्या चांगल्या डोळ्यासमोर धरले. मावशीने ते घेऊन मम्मीच्या पदराच्या टोकाला बांधले. सातव्या दिवशी शीतळामातेच्या देवळात वाहायचे. तोपर्यंत डोळ्याने थांबायचं होतं.

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. वर्गातसुद्धा मी फळ्यावर डस्टर आपटते तेव्हा पोरं गप्प होतात. मी पडून विचार करत होते की माझं म्हणणं या घरात कोण ऐकतं. आणि मग लक्षात आलं की चार दिवस झाले, माझं सगळंच ऐकतायत. मावशी रोज सकाळी विचारायची, माताराणी, काय पाहिजे? मातेने मागितलेलं नाकारायचं नसतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी थंड दही म्हटलं तर दही आलं. दुसऱ्या दिवशी टरबूज म्हटलं, तर पप्पा ऑफिसातून उठून टरबूज घेऊन आले. माझी हाक कोणाला ऐकू येत नव्हती, कारण दवाखाना मागताना मी 'मला' म्हणत होते, 'मातेला' नाही.

दुपारी मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आली. खोलीत गल्लीतल्या तीन-चार बायका बसलेल्या होत्या.

"मातेला बाहेर जायचंय," मी म्हटलं.

तांब्या मावशीच्या हातातच राहिला. "कुठे, माय?"

"डॉक्टरीणबाईकडे."

भिंतीपलीकडे लूम खटखटत होते. मग एक म्हातारी हळूच म्हणाली, "माता दवाखान्यात जाते असं नाही ऐकलं बा कधी."

"ही शिकलेल्या पोरीवर आलीय ना," दुसरी म्हणाली. "शिकलेलीच असेल."

"गप बस गं!"

"मी काय वाईट बोलले? मेरे मायके में एक को आई थी, उसने सिनेमा देखने को मांगा था. नेलं ना त्यांनी."

मावशीने माझ्याकडे रोखून पाहिलं. तिला शंका आली होती, असं मला आजही वाटतं. मी चांगला डोळा मिटून घेतला आणि पुन्हा म्हटलं, तितक्याच आवाजात, "मातेला आत्ता जायचंय. नाही नेलं तर डोळा घेऊन जाईल."

पहिली हलली ती मम्मी. तिने कपाटातून ओढणी काढली, पाण्यात बुडवून पिळली आणि माझ्या डोक्यावर घातली. "मागितलं ते द्यायचं असतं, अक्का," ती मावशीला म्हणाली. "तूच सांगितलंस."

रिक्षावाल्याने मावशीच्या हातातला डहाळा पाहून गाणं बंद केलं आणि कपाळाला हात लावला. मावशी वाटभर माझ्या पायांवर पाणी शिंपडत होती. दवाखान्यात लोक बाकावरून उठले, काही लांब सरकायला, काही हात जोडायला. आम्हाला ताबडतोब आत सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी मानेवरचे दाणे पाहिले आणि मग पापणी उघडून पाहिली. त्या वाकल्या तशा पुन्हा सरळ झाल्या नाहीत, वाकूनच फोन लावायला सांगितला, डोळ्यांच्या डॉक्टरांना. "या कांजिण्या नाहीत," त्या म्हणाल्या. "एक्झिमावर हर्पीसचा विषाणू पसरलाय. किती दिवस झाले?"

"आज चौथा," मम्मी म्हणाली.

"चौथा," बाईंनी फक्त एवढंच म्हटलं, आणि नर्सला सलाइन लावायला सांगितलं. मग विचारलं, "घरात कोणाला ताप येऊन गेला होता का? ओठांच्या कडेला फोड वगैरे?"

मम्मी माझ्या उशाशी उभी होती. माझ्या चांगल्या डोळ्याला ती नीट दिसत होती. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात वाळलेली खपली होती. मला ताप चढण्याच्या आठवडाभर आधी ती तापाने झोपून होती, आणि तापातून उठून, ओठावर फोड असताना, तिने रोजच्यासारखं माझ्या मानेला, कोपरांना आणि पापण्यांना मलम लावलं होतं. बोट ओठाला लावायची तिला सवय आहे, शिवताना, निवडताना, विचार करताना. माझ्या अंगाला बोट लावणारं त्या आधीच्या सगळ्या वर्षांत दुसरं कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "कोणालाच नाही."

बाईंनी मम्मीच्या तोंडाकडे पाहिलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि विषय सोडून दिला. जाताना मम्मीला म्हणाल्या, "मलम लावण्याआधी हात साबणाने धुवत जा. तोंडाला हात लावू नका. कोणीही, कधीही."

हा विषाणू निम्म्या जगाच्या अंगात असतो. ओठावर दोन फोड येतात, जातात. पण माझ्यासारख्यांच्या कातडीला आधीच भेगा असतात, आणि आतल्या लढणाऱ्या पेशी फसकी आणि धूळ यांच्याशी झुंजण्यात गुंतलेल्या असतात. नुसत्या गुंतलेल्या नाहीत. ती झुंज चालू असताना जे निरोप त्या एकमेकींना पाठवतात, त्याच निरोपांनी कातडीचं विषाणूविरुद्धचं बळ उतरतं. आवरणाऱ्या पेशींनी ती झुंज वेळेवर थांबवायची असते, आणि माझ्यात त्यांचं कोणी ऐकत नाही. लोकांना वाटतं माझ्यात प्रतिकार कमी आहे. तो कमी नाही. तो भलतीकडे आहे. मावशी म्हणाली ते हेच होतं, जागा झालेली होती.

हे मी नंतर वाचलं, जळगावच्या फेऱ्यांमध्ये. डोळ्यासाठी आम्ही कितीतरी वेळा जळगावला गेलो. दाणे औषधाने दोन दिवसांत बसले, खपल्या पडल्या, मानेवर खड्डे राहिले. डोळ्याच्या काळ्या भागावर मात्र डाग पडला. डाव्या डोळ्याने मला आता हाताची बोटं मोजता येतात, चेहरा ओळखता येत नाही. विषाणू मज्जातंतूत जाऊन बसलाय, तो पुन्हा येऊ शकतो आणि आला की डाग वाढू शकतो. पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालं असतं तर बहुधा एवढं झालं नसतं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. सांगितलं ते मला, इंग्रजीत. पप्पा शेजारी बसले होते. त्यांना इंग्रजी चांगलं येतं. बसमध्ये ते जळगावपासून बुऱ्हाणपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

चांदीचे डोळे मावशीने सातव्या दिवशी एकटीने जाऊन वाहिले.

गल्लीत वेगळीच गोष्ट आहे. मातेला मुदतीआधी घराबाहेर काढलं, दवाखान्यात सुई टोचली, म्हणून ती जाताना डोळा घेऊन गेली. ती करंगळीवाली काकू आता कुंकूही लावायला येत नाही. नमस्कार लांबून करते. आधी तिला खाज लागेल अशी भीती होती, आता कोप लागेल अशी.

मम्मीलाही असंच वाटत असणार हे मला माहीत होतं, पण तिने ते विचारायला पावसाळा संपावा लागला. एका दुपारी मी पाठ उघडी करून बसले होते. तिने मोरीत हात धुतले, साबणाने, बाईंनी सांगितल्यासारखे, आणि माझ्यामागे येऊन बसली. मलमाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ बोट टेकलं नाही.

"सात दिवस थांबलो असतो," ती म्हणाली, "तर राहिला असता का गं डोळा?"

"नाही मम्मी. उशिरा गेलो. पहिल्या दिवशी जायला पाहिजे होतं."

मी हे तिला तोपर्यंत सांगितलं नव्हतं. मी वळले असते तर तिचा चेहरा पाहावा लागला असता, म्हणून वळले नाही.

"तू म्हणत होतीस," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी म्हणत होतीस."

"हं."

"मग ते आलं कुठून होतं? घरात तर कोणाला काही नव्हतं."

भिंतीपलीकडचे लूम वीज गेल्यामुळे बंद होते. तिचा श्वास ऐकू येत होता.

"हवेतून येतं," मी म्हटलं.

"हवेतून," ती म्हणाली. मग बोट पाठीला टेकलं. मलम थंड होतं. ती मानेकडून खाली, नेहमीपेक्षा हळू, लावत गेली, आणि मी समोरच्या भिंतीकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून बसून राहिले.